सात बावीसचं निवेदन

"बाई, सहाच्या ठोक्याला फिरवा. आधी नको, नंतर नको," गोरक्षकर फोनवर म्हणाले.

मी टेकडीवरच्या ट्रान्समीटरच्या खोलीत उभी होते. सहाला चार मिनिटं कमी होती. तीन दिवस लागून राहिलेला पाऊस पत्र्यावर आदळत होता, त्यामुळे मला त्यांना तेच दोनदा विचारावं लागलं. समोरच्या रॅकवर खटका होता. तो मीच बसवला होता. त्याच्या डाव्या अंगाला 'स्टुडिओ' आणि उजव्या अंगाला 'उपग्रह' अशा पट्ट्या माझ्याच अक्षरात चिकटवलेल्या होत्या. खटका डावीकडे असला की सांगलीतल्या आमच्या स्टुडिओतला आवाज गावभर जायचा. उजवीकडे केला की मुंबईहून उपग्रहामार्गे आमच्या डिशवर उतरणारा आवाज जाणार होता. बसवल्यापासून तीन आठवडे तो डावीकडेच होता.

वैजयंताला कळवलंय का, असं मी विचारलं. वैजयंता जामदार ही आमची सकाळची निवेदिका; सहा ते नऊ तिचा कार्यक्रम असे. गोरक्षकर म्हणाले की स्टुडिओतल्या लोकांशी मुंबईची माणसं अकरा वाजता येऊन बोलणार आहेत, तोवर मी कोणाला काही सांगायचं नाही. मग त्यांनी आवाज जरा मऊ केला.

"तुम्ही तांत्रिक बाजूच्या आहात, तुमच्यावर विश्वास आहे. दहापर्यंत खटक्याला हात लावू नका. एकतीस शहरांत एकदम सुरू होतंय. एक शहर जरी मधे गळलं तरी जाहिरातदार सगळ्यांचेच पैसे अडवेल."

मला वाटलं, चार तासांची चाचणी आहे. सहाला मी खटका फिरवला.

याला आता चौदा वर्षं झाली.

कृष्णवेणी एफएम हे केंद्र अण्णासाहेब मगदुमांनी काढलं होतं. हळदीचे मोठे व्यापारी आणि गाण्याचे शौकीन. पण सरकारला दरवर्षी भरायची परवान्याची फी जाहिराती मिळोत न मिळोत ठरलेली असायची, आणि आमच्या जाहिराती म्हणजे दोन सराफ, एक साड्यांचं दुकान आणि मे महिन्यात क्लासेस. सहा वर्षं अण्णासाहेब हळदीत मिळवलेलं रेडिओत घालत राहिले. शेवटी मुंबईची एक कंपनी घ्यायला तयार झाली. मालकी बदलायला दिल्लीची परवानगी लागते. ती यायला आठ महिने गेले. आली त्या दिवशी अण्णासाहेबांनी स्वतः टेबलाटेबलावर जाऊन पेढे वाटले. आम्ही अकराजण होतो. आता पगार एक तारखेला होतील म्हणत सगळ्यांनी ते खाल्ले.

गोरक्षकर हे नव्या कंपनीचे व्यवस्थापक. जुलैत ते टेकडीवर डिश बसवून घ्यायला आले. मी कोल्हापूरला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम.एस्सी. केलेली, असं काम माझ्या आवडीचं. डिशचं तोंड उपग्रहाकडे नेमकं लागलं नाही तर काही उपयोग नसतो. दोन दिवस मी पावसात रेनकोट घालून एकेक नट पाव पाव आटा फिरवत होते. शेवटी सिग्नल इतका स्वच्छ मिळाला की मुंबईच्या इंजिनिअरने फोन करून 'कसा काय' म्हणून विचारलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे इथे सांगायला हवं.

त्या दिवशी चहा पिताना गोरक्षकरांनी मला धंद्याचं गणित सांगितलं. उपग्रहावरची जागा महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते. एका गावाने ऐकलं तरी भाडं तेवढंच आणि एकतीस गावांनी ऐकलं तरी तेवढंच. जेवढी गावं जोडत जाल तेवढं एकेका गावाला स्वस्त. मी वहीच्या मागच्या पानावर भाडं भागिले एकतीस करून पाहिलं. मला ते गणित सुंदर वाटलं. मग आमच्या स्टुडिओचं काय, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, राहणारच की, अडीअडचणीला लागतोच. त्या पानावर मी एकतीस स्टुडिओंचा खर्च मांडला नाही. मांडला असता तर काय वजा होणार आहे, ते तिथेच दिसलं असतं.

सहानंतर काय झालं ते समजायला एक गोष्ट माहीत असायला हवी. रेडिओ केंद्रात निवेदकाच्या कानात बहुधा हवेतून परत आलेला आवाज असतो, म्हणजे गाव जे ऐकतंय तेच तो ऐकतो. आमच्याकडे टेकडीवर आवाज सुधारणारं नवं यंत्र आल्यावर हवेतला आवाज क्षणभर उशिरा पोचायला लागला. वैजयंताला आपलंच बोलणं मागून ऐकू यायचं आणि ती अडखळायची. तिने मला विनवलं आणि मी तिच्या हेडफोनची वायर काढून सरळ समोरच्या कन्सोलला, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलाला, जोडून दिली. तेव्हापासून ती स्वतःचा आवाज टेबलावरूनच ऐकायची. तो पुढे गेला की नाही, हे तिला कळायचा मार्ग राहिला नव्हता. तीन वर्षांत त्याची कधी गरज पडली नव्हती.

मोबाईल स्टुडिओत न्यायचा नाही असा नियम होता. श्रोत्यांचे फोन मुंबईने आदल्या रात्रीच आपल्याकडे वळवून घेतले होते, हे मला नंतर कळलं. आठपर्यंत इमारतीत ती आणि खाली वॉचमन, इतकेच असत. उरला होता फक्त कार्यालयाचा जुना फोन. तो वाजत नसे, त्याचा लाल दिवा लागे. त्यावर पावसाळ्यात पाटबंधारे कार्यालयातून नदीची पातळी यायची.

टेकडीवरच्या खोलीत खिडकीत एक छोटा रेडिओ होता आणि रॅकवर एक हेडफोन. रेडिओवर गाव ऐकत असलेला आवाज. हेडफोनमध्ये स्टुडिओतून येणारा. एरवी दोन्ही एकच असायचे. त्या दिवशी खिडकीतल्या रेडिओवर एक मुलगा आणि एक मुलगी हिंदीत बोलत हसत होती. कोणत्या नटीचा वाढदिवस आहे ते ओळखा आणि दुबईला जा, अशी स्पर्धा होती. मी हेडफोन कानाला लावला. त्यात वैजयंता म्हणत होती, सांगलीकर, आज छत्री घेतल्याशिवाय दूध आणायला जाऊ नका, काल माझं दूध पाण्यातच मिळालं.

तिच्या अशा साध्या विनोदांना लोक हसायचे. त्या दिवशी ते ऐकणारी मी एकटी होते. मी हेडफोन काढून ठेवला. मग पुन्हा लावला.

वैजयंता चिंचबन गल्लीत राहायची. ही गल्ली नदीकडच्या उतारावर. तिथून बाहेर पडायला एकच वाट, आणि त्या वाटेवर ओढ्याचा साकव, म्हणजे छोटा पूल. आयर्विन पुलाजवळ नदी अडतीस फुटांवर आली की ओढा उलटा फुगायचा आणि साकव पाण्याखाली जायचा. तिचा नवरा चाकणला कारखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. घरी सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या मार्केट यार्डात तोलणार म्हणून उभा जन्म घालवलेले. अर्धांगाच्या झटक्यानंतर खुर्चीत बसून असत. शेजारचे बाबू आणि सदा हे गॅरेजवाले भाऊ पुराच्या वेळी त्यांना खुर्चीसकट उचलून वरच्या शाळेत नेत.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी धरण फुटल्याची आवई उठवली. अख्खी गल्ली धावत सुटली आणि त्या गडबडीत तात्या चिखलात पडले. तेव्हापासून गल्लीने एक नियम केला होता. वैजयंता रेडिओवर सांगेपर्यंत हलायचं नाही, आणि तिने सांगितलं की थांबायचं नाही. हे ती मला हसत हसत सांगायची. म्हणायची, तात्या घरात माझं एक ऐकत नाहीत, पण रेडिओवर सांगितलं की लगेच चप्पल मागतात.

सात वाजून बावीस मिनिटांनी तिने गाणं मधेच थांबवलं. गाणं अर्ध्यावर थांबवणं तिला आवडत नसे, म्हणून मी खुर्चीत सरळ बसले.

"पाटबंधारे कार्यालयाकडून आत्ताच आलेली सूचना," ती म्हणाली. तिचा आवाज अशा वेळी खाली यायचा आणि सावकाश व्हायचा. "आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसदतीस फुटांवर आहे. कोयनेतून विसर्ग वाढवलाय. दुपारपर्यंत पातळी एक्केचाळीस फुटांवर जाईल. चिंचबन गल्लीचा साकव आठच्या सुमारास पाण्याखाली जाईल. गल्लीतल्या सगळ्यांनी आत्ताच निघून शाळेत जायचं आहे. आवरत बसू नका. पुन्हा सांगते."

तिने पुन्हा सांगितलं. खिडकीतल्या रेडिओवर तो मुलगा कुणाला तरी म्हणत होता, अरे नागपूर, तू तो गया.

मी लगेच गोरक्षकरांना फोन लावला. नोंदवहीत वेळ आहे, सात चोवीस. मी त्यांना सगळं सांगितलं आणि दोन मिनिटांसाठी खटका फिरवायची परवानगी मागितली. ते म्हणाले, पाच मिनिटं द्या, वरती विचारतो. मी पाच मिनिटं दिली. सात एकतीसला फोन लावला तर लागत नव्हता. सात अडतीसला त्यांचा आला. पूर आला तर सरकारची गाडी भोंगा घेऊन फिरतेच, ते आपलं काम नाही, असं वरच्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, गाडी साकवापर्यंत येऊन परत जाते, लोक रेडिओवर अवलंबून आहेत. ते म्हणाले, बघतो. सात एकोणपन्नासला ते म्हणाले, तुम्ही लेखी पाठवा, म्हणजे मला दाखवता येईल. मी मोबाईलवर मेसेज लिहिला. आकडे तपासले. पाठवला.

मला खटका फिरवायला कोणाचीच परवानगी लागत नव्हती. तो माझ्या हातापासून दोन फुटांवर होता. स्टुडिओच्या लाल दिव्याच्या फोनचा नंबरही मला पाठ होता. वैजयंताला 'घरी कळव' इतकंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तसं म्हणायचं तर आधी सांगावं लागलं असतं की सहापासून तू भिंतीशी बोलते आहेस, आणि ते मी केलं आहे. मला वाटत होतं, परवानगी येईल, मी हळूच खटका फिरवीन, आणि तिला कधी कळणारही नाही.

सात अठ्ठावन्नला हेडफोनमध्ये गाणं संपलं.

"चिंचबन गल्लीतली मंडळी आता शाळेत पोचलीच असतील," वैजयंता म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "तात्या, तिथं कोणीतरी चहा करतीलच. घ्या. मी नऊला येतेच."

तिने घरी फोन केला नव्हता. तिला करायची गरजच नव्हती. तिने रेडिओवर सांगितलं होतं.

मी खटका डावीकडे केला. आठ वाजले होते. मग लाल दिव्याचा फोन लावला. तिने उचलला.

"वैजू, पाणीपातळीचं पुन्हा सांग. आत्ता."

"सांगितलं की मघाशी. दोनदा."

"ते गेलं नाही."

"गेलं नाही म्हणजे?"

"हवेत गेलं नाही. सहापासून तुझं काहीच गेलेलं नाही. गावाला मुंबईचं ऐकू येतंय. आत्ता तू हवेत आहेस. सांग."

तिने फोन ठेवला नव्हता, नुसता खाली सोडला असावा. मग खिडकीतल्या रेडिओतून तिचा आवाज आला. तो जराही हलला नव्हता. तिने पातळी सांगितली, साकव सांगितला, शाळा सांगितली. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबू, सदा, तात्यांना उचला. थांबू नका." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार आपटलं.

माईक चालूच राहिला होता. पुढची नऊ मिनिटं, कार्यालयातलं दुसरं कोणी येऊन गाणं लावेपर्यंत, सांगलीने एका रिकाम्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकला.

गल्लीत काय झालं ते मला बाबूने सांगितलं. तो आणि सदा साडेसहापासून तयार बसले होते. ओढा चढताना दिसत होता. साडेसातला बाबू म्हणाला, तात्या, निघू या. रेडिओ तात्यांच्या मांडीवर होता. ते म्हणाले, सूनबाईनं अजून सांगितलं नाही. पावणेआठला बाबूने पुन्हा विचारलं. तात्या चिडले. पोरं हिंदीत बोलत्यात ती जाहिरात असंल, गाणी लागल्यात म्हणजे ती हाय आत, सांगंल की. मागच्या वेळी चिखलात पडलेला माणूस, त्याला घाई नको होती. पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं होतं; आठ वाजून गेल्यावर तिचा आवाज आला तेव्हा साकवावर कमरेइतकं पाणी होतं आणि ओढ होती. चाळीसेक माणसं एकमेकांना धरून पार झाली. सदाचा पाय घसरला. खुर्ची कलंडली. बाबूने तात्यांना पाण्यातून काढलं तेव्हा ते निळे पडले होते.

ते वाचले, पण छातीत पाणी गेलं होतं. त्यांना सरकारी दवाखान्यात दाखल केलं.

त्याच दिवशी अकराला मुंबईची माणसं ठरल्याप्रमाणे आली आणि सगळ्यांना पाकिटं दिली. नऊ जणांची नोकरी संपली होती. वैजयंताला आणि मला पाकीट नव्हतं. गोरक्षकर मला बाजूला घेऊन म्हणाले की आम्हा दोघींना मुंबईला मोठ्या पगारावर घेणार आहेत. तिचा आवाज उपग्रहावरून एकतीस शहरांत जाईल. त्यांना माझ्याकडून फक्त एक सही हवी होती. पत्र तयार होतं. अतिवृष्टीमुळे स्टुडिओ आणि टेकडी यांच्यातला दुवा सहा ते आठ या वेळेत तुटला होता, त्यामुळे उपग्रहावरचा कार्यक्रम आपोआप सुरू झाला, असं त्यात लिहिलं होतं.

"तुमच्याही दृष्टीने हेच बरं," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती. मला वाटतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्या पत्रावर मी पुढे कधीच सही केली नाही. पण तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं, आणि पेनही होतं.

वैजयंता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी स्टीलच्या भांड्यात पेज होती, वर ताटली. तिने मला जागा करून दिली. म्हणाली, बरं झालं आलीस, तू खटका फिरवलास म्हणून गल्ली तरी निघाली. बाबूही तेच म्हणतोय. मुंबईवाल्यांनी परस्पर काय केलं कोण जाणे.

मी पत्र काढून तिच्या हातात दिलं. निवेदन आधी वाचून बघावं तसं तिने ते ओठ हलवत वाचलं.

"हे खरं आहे?"

"नाही."

"पावसानं तुटलं नव्हतं?"

"तुटलंच नव्हतं. तुझा शब्द न् शब्द टेकडीवर येत होता."

तिने पत्र मांडीवर ठेवलं. "मग तू ऐकत होतीस."

"हो."

"उपग्रहाकडं कुणी फिरवलं?"

"मी. सहाला."

"पाणीपातळीचं किती वाजता ऐकलंस?"

"सात बावीसला."

"आणि परत फिरवलंस आठला."

"हो. मी परवानगी मागत होते."

ती भिंतीकडे पाहत राहिली. वजाबाकी सोपी होती. तिने ती केली हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण गेले तीन दिवस मी तीच करत होते. मला वाटलं, ती आता ओरडेल, किंवा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. एक नर्स ढकलगाडी घेऊन गेली. गाडीची चाकं लांबपर्यंत वाजत गेली.

"तीन दिवस ते माझ्या हातचं खात नाहीत," वैजयंता म्हणाली. "मी गेले की तोंड फिरवून घेतात. बाबूच्या हातचं दोन चमचे घेतात, तेवढंच. त्यांना वाटतंय, मी सांगायला विसरले."

"तू त्यांना सांगितलं नाहीस का?"

"दहादा सांगितलं, की सांगितलं होतं पण गेलं नाही. त्यांना पटत नाही. म्हणतात, रेडिओ तर चालू होता. चालू होता तर मग तू कुठं होतीस." ती उठली. पत्राची घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि पेजेचं भांडं उचललं. "आत चल."

"वैजू, मी तुला…"

"ते नंतर. आधी आत चल आणि हेच त्यांना सांग. मला सांगितलंस तसंच."

तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती. उघड्या खांद्यावर तराजूचा दांडा पेलून पडलेला तोलणाऱ्याचा जुना घट्टा दिसत होता. मी खाटेच्या या बाजूला उभी राहिले, वैजयंता माझ्या मागे. मी त्यांना माझं नाव सांगितलं, मी टेकडीवर यंत्रावर असते असं सांगितलं. ते हलले नाहीत.

"तात्या," मी म्हटलं, "हिनं सात बावीसला सांगितलं होतं. गाणं थांबवून सांगितलं. गल्लीचं नाव घेऊन, दोनदा. मी ऐकलंय. ते तुमच्यापर्यंत माझ्या हातून जायचं असतं. मी ते अडवून ठेवलं होतं."

नळीतून हवेचा बारीक आवाज येत राहिला. मग त्यांनी मान वळवली. ती वळवायला त्यांना फार कष्ट पडले. त्यांची नजर माझ्यावर थांबली नाही.

"सांगिटलंवतंस?" त्यांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येत.

"व्हय, तात्या," वैजयंता म्हणाली.

"येळंत?"

"येळंत."

त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. वैजयंताने ताटली काढून चमचा भरला. मी दोघांच्या मधे उभी होते, बाजूला सरकले.